हंडाभर मुलाखत

निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाचं बोलणं पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत, मध्ये न उठता, न पेंगता ऐकणारा मतदार अख्ख्या मोखाडा तालुक्यात एकच आहे आणि तो माझा मामा आहे. तालुक्यात म्हणतो ते जरा दबकूनच. मला विचाराल तर देशात असा दुसरा नसेल, पण मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, देशाचं मी कुठल्या तोंडानं सांगू? उमेदवाराची बायकोसुद्धा त्याचं एवढं ऐकत नसेल. उमेदवार स्वतः तरी ऐकतो की नाही, याची मामाला शंका होती. "बोलतो तवा त्याचे कान बघ," तो मला सांगायचा, "कान झोपलेले असतात. सोताचं सोता ऐकलं असतं तर मधेच थांबला असता की."

मी या सगळ्यापासून लांब आहे. सुरतेच्या पुढं एका दोऱ्याच्या कारखान्यात तुटलेला दोरा जोडायचं काम करतो. काम चांगलं आहे, तक्रार नाही. माझ्यासारख्याला सावलीतलं काम मिळालं म्हणून मी रोज मनातल्या मनात हात जोडतो, आणि ते जाईल म्हणून रोज घाबरतो. खिशातला फोन थरथरला की तो लगेच उचलायला हात होत नाही, कारण आमच्याकडून फोन येतो तो बहुतेक कुणी पडल्याचा नाहीतर कुणी गेल्याचा. मामाचा फोन तेवढा वेगळा. तो जेवलास का, बरा आहेस का, असलं काही विचारत नसे. थेट विचारायचा, "रुमालवाल्याची मुलाखत बघितलीस?" आणि मी नाही म्हटलं की त्याला एवढं वाईट वाटायचं, जसं काही घरातल्या लग्नाला मी आलो नाही. आईबाप वीटभट्टीवर जायचे, म्हणून मला मामा-मामीनं वाढवलं. इंग्रजीचा पेपर अर्धा सोडून मी आश्रमशाळेतून डोंगर चढून पळून आलो, तेव्हा मामानं हात उगारला नाही. "अर्धा लिवलास ना? मग अर्धा पास," एवढंच बोलला. मामीनं नागलीची भाकर पुढ्यात ठेवली. अशा माणसांबद्दल लिहिताना हसू येतं तेव्हाही मला आधी आजूबाजूला बघावंसं वाटतं.

आमचा पाडा सूर्यमाळवरून खाली उतरणाऱ्या वाटेवर आहे. विहीर आहे, पण थंडी सरते तशी ती तळाला जाते. मग उरतो झिरा. झिरा म्हणजे ओहळाच्या कोरड्या पात्रात, खडकाच्या फटीखाली खणलेला गुडघाभर खड्डा. त्यात पाणी पाझरतं. ते करवंटीनं उचलायचं, फडक्यातून गाळून हंड्यात ओतायचं, आणि पुन्हा पाझरायची वाट बघायची. बायका तिथं ओळीनं हंडे ठेवतात. हंडा ठेवला की नंबर लागला. मग ती बाई सावलीला बसो, घरी जाऊन भाकऱ्या भाजून येवो, तिचा हंडा म्हणजे ती. ओळ सरकली की मागची बाई आपल्याबरोबर पुढचाही हंडा सरकवते. झिऱ्यावर भांडणं होतात, एकमेकींची सात पिढ्यांची उणीदुणी निघतात, पण दुसऱ्याचा हंडा ओळीतून बाहेर काढणारं माणूस आमच्याकडं मी तरी पाहिलेलं नाही.

तर या झिऱ्यावर मामी पाणी भरायची आणि मामा वरच्या खडकावर बसून मुलाखत ऐकायचा. मी माझा जुना फोन त्याला दिला होता, काच तडकलेला. पाड्यावर रेंज फोन लागण्यापुरतीच, म्हणून बाजाराच्या दिवशी तो खोडाळ्याला जाऊन मोबाइलच्या दुकानातून कार्ड भरून आणायचा. बाकीची माणसं त्या कार्डात गाणी भरून घेतात. लग्नातली, नाचाची, कुणी देवाची. मामा जाऊन सांगायचा, "पाच मुलाखती भर, आणि एक ती चौघांची चर्चा." दुकानदार पहिल्यांदा हसला, मग त्याला वाटलं हा कुठल्या तरी पक्षाचा माणूस असेल, मग घाबरला. शेवटी सवय झाली. "काका, जागा उरलीय, एखादं गाणं टाकू?" असं त्यानं विचारलं की मामा म्हणायचा, "नको. जागा उरली तर त्याचीच मागची निवडणूक टाक. तवा काय बोलला होता ते ताडून बघू."

मुलाखत ऐकायची त्याची एक रीत होती. उमेदवारानं नमस्कार केला की हा फोन खडकाला टेकवून उलट नमस्कार करायचा. समोरचा बोलत असेपर्यंत तंबाखू मळायचा नाही. उमेदवारानं, "मला सांगा, हे कुणामुळे झालं?" असं विचारलं की मामा खरोखर सांगायला लागायचा, आणि तो उत्तर न ऐकता पुढं गेला की रागवायचा. "विचारलंस कशाला मग?" नावं त्याला लक्षात ठेवायची नव्हती. एक होता रुमालवाला, म्हणजे आधीपासून गादीवर असलेला. अवघड प्रश्न आला की हा कपाळ पुसायचा. दुसरा शालवाला. तिसरे वकीलसाहेब. चौथ्याला अजून नाव पडायचं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईला तो मुकादम म्हणायचा, कारण ती सगळ्यांना कामाला लावते आणि स्वतः खुर्चीवरून उठत नाही. चौघांची चर्चा लागली, चौघंही एकदम ओरडायला लागले, की मामाला फार त्रास व्हायचा. "चार करवंट्या एका झिऱ्यात," तो तिथून खाली बायकांना ओरडून सांगायचा, "गढूळच होणार! पाणी कोणालाच नाय!" एकदाच त्यानं एका उमेदवाराचं कौतुक केलं. शाळेतल्या शिक्षकांबद्दल विचारल्यावर शालवाला बोलता बोलता थांबला, खाली बघितलं, आणि मग पुन्हा सुरू झाला. मामानं ते तीनदा मागं नेऊन पाहिलं. "इथं बघ भाच्या," मला फोनवर सांगत होता, "इथं हा खरं बोलणार होता. अगदी दातापर्यंत आलं होतं."

पण त्याची खरी तऱ्हा ही नव्हे. मामा मुलाखती हंड्यावर मोजायचा. लोकांच्या लेखी ती मुलाखत चाळीस मिनिटांची, मामाच्या लेखी दोन हंड्यांची. होळीच्या सुमारास झिऱ्याला जोर असतो, तेव्हा एका मुलाखतीत मामीचे दोन हंडे भरायचे. ऊन चढलं तसा एकच भरायला लागला. पुढं मुलाखत संपायची आणि हंडा अर्धाच. मामाच्या मते यात दोष झिऱ्याचा नव्हता. "बोलण्यातला दम कमी झाला," तो ठरवून सांगायचा. "वकीलसाहेब पयल्यांदा दोन हंडे बोलले होते. आता बघ, तेवढंच तोंड चाललं आन् हंड्याचा तळ बी झाकला नाय." खालून मामी म्हणायची, "तुमी खाली या आन् करवंटी धरा, मग बघा कोणाच्या बोलण्यात किती दम हाय." बायका हसायच्या. मामाही हसायचा. खाली मात्र कधी आला नाही. हे मी त्याच्यावर माया असूनही लिहितो, कारण पुढं त्यानं स्वतःच ते मला सांगितलं.

आता नळाचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन उन्हाळ्यांमागं पाड्यावर नळ आला. सिमेंटचा खांब, निळा पाइप, वर पितळी तोटी. गाडीतून माणसं आली, त्यांनी पिंपातून पाणी वरच्या टाकीत ओतलं, तोटी सोडली आणि म्हणाली, कुणी तरी बाई हंडा घेऊन उभी राहा, फोटो काढायचा आहे. सगळ्या लाजल्या. मामी पुढं झाली, कारण तिचा हंडा नुकताच घासलेला होता. तोटीतून पाणी पडलं, मामी हसली, फोटो निघाला. टाकीतलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरलं. त्यानंतर त्या तोटीतून वारा सोडून काही आलं नाही. वाईट त्याच्याही पुढंच आहे. पूर्वी उन्हाळ्यात टँकर यायचा, आठवड्यातून दोनदा का होईना विहिरीत पाणी ओतून जायचा. तो बंद झाला. मामा मोखाड्याला कचेरीत विचारायला गेला तेव्हा तिथल्या साहेबांनी कागद बघून सांगितलं, "तुमचा पाडा नळाचा आहे. नळाच्या पाड्याला टँकर मिळत नाही." मामा म्हणाला, "नळात पाणी नाय." ते म्हणाले, "इथं आहे."

आणि ही निवडणूक लागल्यावर एका दुपारी, खडकावर बसून रुमालवाल्याची मुलाखत ऐकताना मामा एकदम ओरडला. खाली बायकांना वाटलं साप निघाला. रुमालवाल्याला पाण्याबद्दल विचारलं होतं. त्यानं या वेळी कपाळ पुसलं नाही. त्यानं एक मोठा फोटो समोर धरला, "बघा," म्हणाला, "डोंगरातल्या शेवटच्या पाड्यावरची ही माझी माऊली. हिच्या तोंडावरचं हसू हेच माझं उत्तर." फोटोत मामी होती. मामा फोन घेऊन धडपडत खाली उतरला. सगळ्या बायका करवंट्या टाकून जमल्या. मामी हात पुसत आली, वाकून बघितलं, आणि पहिला प्रश्न केला, "पदर नीट हाय ना माझा?" मग ती हसली. मग मागं ठेवलेल्या आपल्या अर्ध्या हंड्याकडं वळून बघितलं. "मी हसले म्हणून टँकर बंद झाला का वो?" तिनं मामाला विचारलं. जन्मभर उमेदवारांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या माझ्या मामानं फोन बंद करून खिशात घातला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मामी पडली. झिऱ्याकडून वर यायची वाट म्हणजे नुसती घसरण. भरला हंडा डोक्यावर, पायाखालची माती सुटली. हंडा वाचवायला गेली आणि कंबरेवर आपटली. चार माणसांनी झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेली, तिथून जीपनं जव्हारच्या दवाखान्यात. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले मोठ्या शहरात न्या, मामी म्हणाली घरी न्या. घरी आणली. माझा फोन थरथरला तेव्हा पहिल्यांदाच मामानं विचारलं, "जेवलास का?" तेव्हाच मला कळलं, काही तरी झालं.

मी सुपरवायझरच्या पाया पडून पाच दिवसांची सुट्टी काढली. घरी पोचलो तर मामा झिऱ्यावरून येत होता, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा. आमच्याकडं गडी माणूस डोक्यावर हंडा घेत नाही. पाड्यातले म्हातारे ओट्यावरून टोमणे मारत होते, "काय गं सासुरवाशिणी, पदर सावर!" मामा मान न वळवता चालत होता, कारण वळवली असती तर पाणी सांडलं असतं. हंडा उतरवायला मी हात दिला. हंड्याच्या कुशीला मोठा पोचा पडलेला होता. धापा टाकत मामा बसला आणि तसाच बोलला, "भाच्या, मी येवढी वर्सं खडकावर बसून मोजीत होतो. मुलाखत दोन हंड्यांची, मुलाखत एका हंड्याची. हंडा केवढा असतो ते मला ठावंच नव्हतं."

त्याच आठवड्यात जव्हारला मैदानावर उमेदवारांची चर्चा ठेवली होती. टीव्हीवाल्यांची गाडी येणार, उमेदवार मंचावर बसणार, आणि लोकांना माइकवर प्रश्न विचारायला मिळणार. मामाला हे कळल्यापासून तो वेगळाच माणूस झाला. त्याला एकच प्रश्न विचारायचा होता. "आमच्या पाड्याचा नळ कागदावर हाय, पाणी नाय. रुमालवाले साहेब, टीव्हीसमोर एवढं बोला की तिथं पाणी नाय. म्हंजे टँकर सुरू होईल." बस. राजीनामा नको, माफी नको. साहेबांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, तेही पावसाळ्याच्या आत. मामी खाटेवरून त्याचा सराव घ्यायची. "लई जोरात बोलू नका. आधी नमस्कार करा. आन् मी पडले ते सांगू नका, लोक म्हणतील बाईच्या जातीला तोल नाय." निघताना तिनं तो पोचा पडलेला हंडा सोबत न्यायला लावला. "नुसतं बोलणाऱ्याला कोण बघतं? हंडा दिसला की कळंल पाण्याचं हाय."

आम्ही लवकर पोचलो. मंचाच्या बाजूला दोरी बांधून माइकची ओळ केली होती. पुढं एक मास्तर होते, त्यांच्यामागं मामानं हंडा ठेवला. मागून पोशेऱ्याकडच्या दोन बायका आल्या, त्यांनी हंडा बघितला आणि त्याच्यामागं उभ्या राहिल्या. कुणी काही विचारलं नाही. आणि मग आम्ही काय केलं, तर जाऊन आंब्याच्या सावलीत बसलो. हे लिहिताना आजही मला कानशिलं तापल्यासारखी वाटतात. मामाचं एक सोडा, पण मी? इतकी वर्षं शहरात राहिलेला, रोज कारखान्याच्या दाराशी ओळीत उभा राहणारा मी, मलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. हंडा ठेवला होता ना! नंबर लागला होता. उलट मला मनातून बरंच वाटलं, कारण त्या माइकची मला भीती वाटत होती. मामा सावलीत बसून ओठातल्या ओठात प्रश्न म्हणत होता, आणि मी त्याला घाम येतोय का बघत होतो.

चर्चा सुरू झाली. मुकादमबाईंनी चौघांना चार कोपऱ्यांत बसवलं होतं, तरी ते एकमेकांच्या बोलण्यात घुसत होते. मामा मान हलवत होता. "चार करवंट्या," तो पुटपुटला. मास्तर माइकपाशी गेले तसा तो उठला, धोतर झटकलं, मंचाकडं निघाला. ओळीत हंडा नव्हता. त्या जागी मोकळी जागा होती, हंड्याएवढी, आणि तिच्यामागं त्या दोन बायका तशाच थांबलेल्या. "बाबा, आम्ही सरकवत होतो," त्यातली म्हातारी बोलली, "दोनदा पुढं सरकवला. पण त्यांनी उचलला. आम्ही बोललो, माणूस हाय त्याचं. ऐकलं नाय." झालं होतं असं की शालवाल्याच्या एका कार्यकर्त्यानं हंडा पाहिला आणि आरडाओरडा केला. कुणा अपक्षाची निशाणी घागर होती म्हणे, आणि हा उघड उघड प्रचार आहे, आचारसंहितेचा भंग आहे. निवडणुकीच्या तपासणीवाल्या साहेबांनी हंडा जप्त करून गाडीत नेऊन ठेवला होता.

मामा तरी माइककडं गेला. दोरीपाशी एका माणसानं त्याला अडवलं. "काका, ओळीत नव्हता तुम्ही." मामा म्हणाला, "होतो की. हंडा होता माझा." "हंडा म्हणजे माणूस आहे का?" तो माणूस हसत म्हणाला. मामानं गोंधळून माझ्याकडं बघितलं. मी घसा खाकरला. मला बोलायचं होतं, आईशपथ बोलायचं होतं. तेवढ्यात मुकादमबाईंनी वेळ संपत आल्याचं सांगितलं आणि रुमालवाल्याला शेवटचे दोन शब्द बोलायला दिले, तर त्यानं पुन्हा तोच फोटो वर धरला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," तो म्हणाला, "या माऊलीला विचारा." आणि माझा मामा, उमेदवाराचं बोलणं मध्ये कधीही न तोडणारा माझा मामा, दोरीला पोट टेकवून ओरडला, "ती खाटेवर हाय! साहेब, ती खाटेवर हाय!" टाळ्या चालू होत्या. ते कुणाला ऐकू गेलं नाही. फोटो सगळ्यांना दिसला.

हंडा सोडवायला दुपार गेली. साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. "हा कुणी दिला?" त्यांनी विचारलं. "कोणत्या उमेदवाराकडून?" मामा म्हणाला, "बायकोच्या माहेरून." साहेबांनी पेन थांबवलं. "तुमचाच आहे कशावरून?" मामानं हंडा फिरवून पोचा दाखवला. "ती पडली तवाचा हाय." साहेबांनी एका कागदावर अंगठ्याऐवजी सही घेतली आणि हंडा दिला. इतकंच नाही, जीपच्या थांब्यापर्यंतच्या वाटेसाठी पिण्याच्या पाण्याची एक बाटलीही दिली. मामानं ती उघडली नाही. घरी नेली.

मामीनं खाटेवरूनच आम्हाला दारात बघितलं. "विचारलंत?" मामा म्हणाला, "नंबर आला नाय." ती म्हणाली, "हंडा ठेवला होता ना पण?" "ठेवला होता," मामा बोलला, "पोशेऱ्याच्या बाया सरकवत होत्या." "मग झालं," मामी म्हणाली. जणू काही अर्धं काम तरी झालं होतं. अर्धा पास.

माझी सुट्टी संपली. मतदानाच्या दिवशी मामाचा फोन आला की मी मत दिलं, या खेपेला ओळीत सोता उभा राहिलो, हंडा नेला नाय. कुणाला दिलं ते त्यानं सांगितलं नाही, आणि कोण निवडून आलं ते मीही लिहीत नाही, कारण झिऱ्याला त्यानं काही फरक पडला नाही. टँकर आला नाही. आषाढात, साऱ्या डोंगरावरून पाणी धो धो वाहत असताना, मामी गेली. तिला शेवटची आंघोळ घालायला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न पडला नाही, एवढंच. मी पोचलो तोपर्यंत सगळं उरकलं होतं.

दिवाळीला मी चार दिवस घरी गेलो होतो. मामा ओट्यावर बसला होता, फोन भिंतीला टेकवलेला. निवडणूक कधीच संपली होती, आणि हा रुमालवाल्याची तीच जुनी मुलाखत ऐकत होता. मला राग आला. मग लक्षात आलं. आमच्या घरात मामीचा दुसरा फोटो नाही. आधार कार्डावर आहे, पण त्यात ती कुणीतरी दुसरीच बाई दिसते, घाबरलेली. हसणारी मामी फक्त रुमालवाल्याच्या हातात आहे, आणि ती मुलाखतीच्या जवळजवळ शेवटी येते. त्या आधी रस्ते येतात, शाळा येतात, विरोधकांची कारस्थानं येतात, सगळं येतं. मी म्हटलं, "मामा, असं कशाला बसतोस? अंगठ्यानं पुढं पळव, लगेच मामी येईल," आणि दाखवायला हात पुढं केला. मामानं माझं मनगट धरलं.

"नको," तो म्हणाला. "नंबरानं येऊ दे."

मी त्याच्याशेजारी बसलो. तंबाखूची डबी बंदच होती. रुमालवाल्यानं काही विचारलं तरी मामा आता उत्तर देत नव्हता, नुसता ऐकत होता. बऱ्याच वेळानं फोटो वर आला. मामी हसली, तिच्या घासलेल्या हंड्यात पाणी पडत होतं, पदर नीट होता. पाच-सहा श्वासांइतका वेळ. मग फोटो खाली गेला आणि तो माणूस परत बोलायला लागला. मी उठू लागलो, पण मामा हलला नाही.

"आता काय ऐकायचं उरलं?" मी विचारलं.

"लगेच उठलो तर बरं दिसंल का?" मामा फोनकडं बघत म्हणाला. "तिला वाटंल, आला, तोंड बघितलं आन् चालला." आणि शेवटच्या नमस्कारापर्यंत तो तसाच बसून राहिला.